कबुतरांना दाणे टाकले तर ५०० रुपये दंड: पुरे की फार?

पारिजात_दादर
कबुतरांच्या विष्ठेमुळे आजार होतात म्हणून जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरलं. उच्च न्यायालयाने तर दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायलाही सांगितलं. ६ ऑगस्टला दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री जमावाने फाडून टाकली. पालिकेचा दंड ५०० रुपये. माझ्या मते हा दंड नाही, पुण्यकर्माची पावती आहे. गाडी बाजूला घेऊन पोतंभर ज्वारी ओतणाऱ्याला ५०० रुपयांनी काय होणार? पावती खिशात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दुसऱ्यांदा सापडला की सरळ ५००० घ्या.

वरणभात
आणि माझी आजेसासू गच्चीत मूठभर तांदूळ टाकते, तिचं काय? तिलाही ५०००? गुन्हा नोंदवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ऐंशीच्या बाईला कोर्टात उभं करायचं? आमच्यासमोर टॉवरचं काम चालू आहे, वर्षभर घरात सिमेंटची धूळ. त्या बिल्डरला कोणी हात लावत नाही. सापडली कोण, तर म्हातारी!

श्वासमोकळा
धूळ वाईटच, पण म्हणून दाणे टाकणं चांगलं ठरत नाही. आईच्या खिडकीतल्या एसीवर विष्ठेचा बोटभर थर होता. वाळली की भुकटी होते आणि श्वासावाटे आत जाते. फुफ्फुसं एकदा कडक झाली की पूर्ववत होत नाहीत.
मात्र कलमाबद्दल वरणभात यांच्याशी निम्मा सहमत. २७१ हे संसर्गाचं कलम. आईला झाला तो संसर्ग नव्हे, अ‍ॅलर्जीतून आलेला आजार, वकील तिथेच बोट ठेवेल. निर्विवाद लागू होतो तो सार्वजनिक उपद्रव, कलम २९२. त्यात दंड जास्तीत जास्त १०००. जुन्या भारतीय दंड संहितेत २०० होता, एवढीच काय ती प्रगती.

खडूस_काका
आकडा ५०० की ५००० यावर काय भांडताय? कोविडमध्ये मुंबईत मास्कचा दंड आधी १००० होता, मग २०० केला. दंड घेणारा पालिकेचा मार्शल दिसला की मास्क नाकावर, वळला की हनुवटीवर. दोन्ही दरांत तेच. पहाटे साडेपाचला दाणे ओततात, तेव्हा पावती फाडायला कोण उभं असतं ते सांगा.

पारिजात_दादर
काका, मग दाणे विकणाऱ्याला धरा. तो रोज त्याच जागी बसतो. दहा रुपयांची थाळी घेऊन चणे टाकणारे कमी आहेत का?

वरणभात
वा! म्हणजे पोतं ओतणारा गाडीतून निघून जाणार आणि थाळी विकणाऱ्या बाईचा माल जप्त. फेरीवाल्यांवर कारवाई करायला पालिकेला नवं निमित्त हवंच होतं. ओतणाऱ्याच्या गाडीला नंबर असतो ना? फोटो काढा, चलन घरी पाठवा. सिग्नल तोडला की येतं तसं.

खडूस_काका
हे मात्र पटलं. फक्त कॅमेरा ज्या सोसायटीच्या भिंतीवर लावायचा, तिचा सेक्रेटरी स्वतः दाणे टाकत नाही ना, ते आधी बघा.