पुलाव वाटून मुलांना भूक कळते का?

मीनल_दादर:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका वडिलांची पोस्ट फिरतेय. मुलीच्या शाळेने नववीचा वर्ग परळला नेला, रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्यांना पुलावची पाकिटं वाटली, पाकीट देताना प्रत्येक मुलाचा फोटो काढला आणि समाजसेवेचे गुण दिले. "मुलांना भूक म्हणजे काय ते कळलं," असं वडील लिहितात.

चीड आली वाचून. मुलांना एवढंच कळलं की भुकेला माणूस हात पुढे करतो आणि आपण देणारे असतो. त्याच मुलांना रेशनच्या दुकानासमोर उभं करा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिलाय, हे शिकवा. शहरात त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आत! आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईचं घर त्यात बसतं का, हे गणित नववीत येतं. तेच घाला.

सांगलीकर:
ताई, त्या फुटपाथवर कधी झोपलात का? मी झोपलोय. वडिलांच्या केमोच्या वेळी, भर पावसात, प्लास्टिकखाली. कायदाही होता आणि कार्डही होतं, गावी ट्रंकेत. संध्याकाळी कोणीतरी गरम खिचडी आणून द्यायचं, त्यावर आम्ही दोघं दिवस काढायचो. फोटो काढले का, आठवत नाही. वडील जेवले ते आठवतं. उद्या ही पाकिटं बंद पडली तर तुम्ही येणार का घेऊन?

मीनल_दादर:
वाटू नका असं मी कुठे म्हटलं? तुमचीच गोष्ट शिकवा ना. कार्ड आता देशात कुठेही चालतं, पण फुटपाथवर तांदूळ घेऊन शिजवायचा कशावर? म्हणून तर तयार जेवण लागतं, म्हणून तर २०२० मध्ये १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. त्या मुलीला हे कोणी सांगितलं? आणि तुमच्या वडिलांचा तसा फोटो कोणाच्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलेला चालला असता तुम्हाला?

सांगलीकर:
वडिलांना मध्ये आणू नका. मी बोललो ते वेगळं.

गोवंडीची_टीचर:
भूक दाखवायला परळला कशाला नेताय? माझ्या वर्गात ती बाकावर बसते. रविवारी खिचडी नसते, त्यामुळे सोमवारी पहिल्या तासालाच पोरं विचारतात, "टीचर, खिचडी कधी येणार?" प्राथमिकच्या मुलाला पोषण आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले, हवं तर लोकसहभागातून द्या म्हणे. गोवंडीत कोणाच्या दारात जाऊ मी लोकसहभाग मागायला?

माटुंगा_६६:
अंडं बंद झालं ते बरंच झालं. शाळा सगळ्यांची असते. एकाच पंगतीत एकाला अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं दिलं की मुलांत भेद होतो. शेंगदाणे द्या, दूध द्या.

गोवंडीची_टीचर:
माझ्या वर्गात केळ्यावरून एकदाही भांडण झालेलं नाही. भेद मोठ्यांच्या डोक्यात आहे. ज्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ दूध येतं त्यांनी माझ्या पोरांचं ताट ठरवू नये.

माटुंगा_६६:
माझ्या घरी काय येतं ते तुम्हाला काय माहीत? चाळीत वाढलोय मी, पाच भावंडांत.

बचतगट_कुर्ला:
अंडं की शेंगदाणे ते नंतर ठरवा. आमच्या गटाने शाळांना खिचडी पुरवलीय. बिलं महिनोन् महिने निघायची नाहीत. किराणावाल्याची उधारी चढली, दोघींनी मंगळसूत्र गहाण ठेवलं, आणि वर खिचडी पातळ म्हणून बोलणी खाल्ली ती आम्हीच. तुमच्या नववीच्या मुलांना पहाटे चारला आमच्या स्वयंपाकघरात पाठवा. तांदूळ निवडू देत, टोप घासू देत. कोणाचं पोट कोण भरतं ते बघू देत.

माटुंगा_६६:
बिलांचं पटलं. अंड्याचं पटणार नाही.

एनएसएसवाला:
कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, आम्हाला वर्षाला समाजसेवेचे १२० तास भरावे लागतात. त्यातले काही आम्ही मानखुर्दला रेशनचे अर्ज भरून देण्यात घालवले. बाळाचं नाव कार्डावर चढवलेलं नसलं तर त्याचं ५ किलो धान्य त्या घराला मिळतच नाही. एका आजीचा अंगठा मशीन घेईना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. दुकानदार म्हणाला, उद्या या. त्या दिवशी मला जे कळलं ते कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं. नववीची मुलंही हे काम करू शकतात, सोबत एक मोठं माणूस हवं.

सांगलीकर:
हे काम पाकिटं वाटण्यापेक्षा अवघड आहे, एवढं मानतो. माझाही मुलगा नववीत आहे, पालकसभेत अर्जांचं मांडतो. पण पुलाव बंद करा म्हणालात तर मी विरोधात उभा राहीन.

मीनल_दादर:
पुलाव राहू द्या. त्या वडिलांना मात्र मी आत्ताच फोटो काढून टाकायला सांगतेय. दोन फोटोंत पेशंटचे चेहरे स्पष्ट दिसतायत.

माटुंगा_६६:
टीचर, दुधाचं मी मनापासून म्हटलं होतं. वर्गात किती मुलं आहेत?