तयार मिश्रणाच्या केकला घरगुती रंग देण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. येत्या रविवारी इंदूरला आमच्या घरी नातीचा वाढदिवस असून, बाजारात मिळणाऱ्या बिनअंड्याच्या व्हॅनिला मिश्रणालाच बीट, पालक आणि केशर यांचे रंग देऊन तीन थरांचा केक करावा, असा विचार आहे. केशराची काळजी नाही. बीटचा रंग मात्र भाजताना उतरतो आणि सोड्यामुळे तपकिरी पडतो. तो टिकावा म्हणून लिंबाचा रस घातला, तर सोडा आधीच फसफसून केक बसेल का? बीटचा रस घालताना पाणी किती कमी करावे, की वाळवलेल्या बीटची पूडच बरी? वरून क्रीमऐवजी चक्का लावणार आहे (आमचे घर श्रीखंडवेडे), तो पाझरू नये यासाठीही उपाय सुचवावा. बाजारातले रंग कृपया सुचवू नयेत.