रक्तातील अल्ब्युमिन कमी झाले, तर ते स्नायूंतून भरून का निघत नाही?

गंगावेशकर:
नमस्कार. माझ्या आईचे वय 68 असून गेले दोन महिने तिच्या पायांवर सूज आहे. तपासणीत अल्ब्युमिन (रक्तातील मुख्य प्रथिन) 2.6 आले, अहवालावर सर्वसाधारण मर्यादा 3.5 ते 5 ग्रॅम प्रति डेसिलिटर अशी छापलेली आहे. मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्या आहेत, त्यामुळे मी येथे उपचार विचारत नाही. शेजारच्या तालमीतील वस्ताद मात्र रोज मटणाचे अळणी (मटण शिजवलेले पाणी) पाजा, असा आग्रह धरतात. माझी शंका वेगळी आहे : अंगात एवढे किलो मांस असताना त्यातील थोडे प्रथिन रक्तात का उतरत नाही? ही दोन वेगळी खाती आहेत काय?

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी:
खाती वेगळी नाहीत, परंतु त्यांच्यातील देवघेव अखंड प्रथिनांच्या रूपाने फारशी होत नाही, ती मुख्यतः अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या सुट्या घटकांच्या रूपाने होते. जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोनहायमर यांनी 1930 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची (त्याच मूलद्रव्याच्या जास्त वजनाच्या अणूंची) खूण केलेले अमिनो आम्ल उंदरांना खाऊ घातले, तेव्हा वजन स्थिर असलेल्या प्रौढ उंदरांतही त्यातील निम्म्याहून अधिक नायट्रोजन काही दिवसांतच शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. म्हणजे वरून जैसे थे दिसणारे शरीर आतून सतत मोडत आणि घडत असते. प्रौढ माणसात रोज सुमारे 250 ते 300 ग्रॅम प्रथिने अशी मोडतात व नव्याने घडतात. आपण खातो त्याच्या ही कितीतरी पट आहेत.

त्याच सुमारास अमेरिकी वैद्यक संशोधक जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांना आहारातून प्रथिने न देता केवळ शिरेतून प्लाझ्मा (रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव) दिला, तरी त्यांचा नायट्रोजनचा ताळेबंद, म्हणजे शरीरात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नायट्रोजनचा मेळ, टिकून राहिला. त्यामुळे रक्तातील प्रथिने ऊतींच्या कामी येतात, आणि उलट दिशेनेही वाट मोकळी असते. उपासात स्नायू मोडतात, त्यांची अमिनो आम्ले यकृताकडे जातात आणि यकृत त्यातून अल्ब्युमिन बनवते. ते रोज साधारण 10 ते 15 ग्रॅमच बनते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तंत्रज्ञ, शाहूपुरी:
बाईंच्या उत्तरात भर घालतो. शरीरातील निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांच्या बाहेर, पेशींमधल्या द्रवात असते. दर तासाला रक्तातील सुमारे 5 टक्के अल्ब्युमिन केशवाहिन्यांतून बाहेर झिरपते आणि लसिकावाहिन्यांतून (पेशींमधला द्रव रक्तात परत नेणाऱ्या नलिकांतून) परत येते. प्लाझ्मात 120 ग्रॅम धरले, तर तासाला 6 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 144 ग्रॅम झाले. नवनिर्मिती 10 ते 15 ग्रॅमची आणि येरझारा तिच्या दहापट! म्हणून अहवालातील आकड्याकडे कोठारातला साठा म्हणून पाहू नये. संसर्ग किंवा दाह असला की झिरपणे वाढते, यकृतही अल्ब्युमिन कमी करून दुसरी प्रथिने बनवू लागते, आणि पोटभर जेवणाऱ्याचाही आकडा खाली येतो.

गंगावेशकर:
म्हणजे स्नायूंतून माल येत असूनही गळती निर्मितीपेक्षा मोठी असेल, तर आकडा खालीच राहणार, असेच ना? मग अळणी पाजावे की नाही?

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी:
अगदी तसेच. मूत्रावाटे अल्ब्युमिन जात असेल तर यकृत आपली निर्मिती वाढवते, तरीही ते पुरे पडत नाही, आणि प्रथिने फार वाढवल्यास मूत्रातून जाणारे प्रमाणही वाढू शकते. वस्तादांचा अनुभव धडधाकट पैलवानांचा आहे; शिवाय अळण्यात उतरते ते थोडेच, खरे प्रथिन फोडींतच राहते. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल (असलेल्यातील निम्मे मोडायला लागणारा काळ) सुमारे 20 दिवसांचा असल्याने चार दिवसांच्या आहाराने आकडा हलेल, अशी अपेक्षाही धरू नये. 24 तासांच्या मूत्राचा अहवाल हाती येईपर्यंत थांबा आणि मग प्रथिने किती द्यायची, हे तुमच्या डॉक्टरांकडूनच ग्रॅममध्ये लिहून घ्या.

गंगावेशकर:
आभारी आहे. अहवाल गुरुवारी मिळणार आहे. वस्तादांना फोडींची गोष्ट सांगितली, त्यांना ती अजिबात पटलेली नाही.