मदत हवी आहे: एकच औषध दोन नावांनी दिलं गेलं, घरी नीट पद्धत कशी बसवू?

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी. आईला (वय ७४, बीपी, शुगर, हार्टचा त्रास) मागच्या महिन्यात चार दिवस अ‍ॅडमिट केलं होतं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर नऊ औषधं आणि जुन्या गोळ्या घरात होत्याच, आता त्यातलं कुठलं बंद करायचं हे कार्डवर कुठेच नव्हतं आणि मीही विचारलं नाही, मग आपलं जुनंही चालू नि नवंही चालू.

सहाव्या दिवशी सकाळी आई उठली आणि भिंत धरून तशीच खाली बसली, डोळ्यापुढे अंधारी आली म्हणाली. मशीन लावलं तर पल्स ४४. वाटलं सेल गेले असतील, बदलून बघितले, ४३!

डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या घेऊन ताबडतोब बोलावलं. तिथे कळलं की दोन पट्ट्यांमध्ये मेटोप्रोलॉलच (बीपी-हार्टचं, पल्स कमी करणारं औषध) आहे. कंपनी वेगळी, नाव वेगळं, एक गोळी गोल नि एक लांबट. कंटेंट (म्हणजे गोळीतलं मूळ औषध) मागच्या चंदेरी बाजूला इतका बारीक छापलेला की मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा वाचता आला, आणि दुसऱ्या पट्टीवर तर गोळ्या काढताना नेमका तोच भाग फाटलेला. दिवसभर देखरेखीखाली ठेवलं, निभावलं.

बहीण म्हणते तुझा हलगर्जीपणा. चूक माझी आहेच हो, पण मी अलार्म लावून एकही डोस न चुकवता देत होते, तेच नडलं ना!

तर विचारायचं असं की यादी गोळीच्या नावाने ठेवू का कंटेंटने? आठवड्याच्या डब्यात गोळ्या काढून ठेवल्या की कुठली कुठली हेच कळेनासं होतं, त्याचं काय करता? आणि पुढच्या वेळी सिस्टरना सारखं विचारलं तर चिडतात का?

गोळीवाला (फार्मसिस्ट आहे)
ताई, यादी कंटेंटनेच. पुढे किती मिलिग्रॅम, कधी, आणि *कशासाठी*. हा शेवटचा रकाना लोक सोडतात, पण चूक बहुतेक तिथेच सापडते. शुगर नसलेल्या माणसाच्या यादीत शुगरची गोळी दिसली की कोणीही थांबेल. आकडा लिहिताना ०.५ लिहा, नुसतं .५ नको, आणि ५ च्या पुढे .० तर मुळीच नको, टिंब पुसट झालं की डोस दहापट होतो. डबा वापरा, पण पट्टी संपेपर्यंत फेकू नका आणि कंटेंट लिहिलेला भाग शेवटी फाडा.

अजून एक, पल्स कमी दिसली म्हणून मेटोप्रोलॉल स्वतःहून बंद करायचं नाही. हार्टच्या पेशंटला ते एकदम तोडलं तर उलटतं. फोन करायचा, तुम्ही केलात तसा.

इन्सुलिन चालू असेल तर सिरिंजही बघा. मिलीला १०० युनिटचं इन्सुलिन ४० युनिटवाल्या सिरिंजने भरलं तर अडीचपट जातं.

नाईट ड्युटी
सिस्टर बोलतेय. चिडलो तरी विचारा! गोळ्या काढताना मध्येच फोन वाजतो, कोणीतरी सलाईन संपलं म्हणून हाक मारतं, परत ट्रेकडे वळलं की कुठे होतो तेच आठवत नाही, आमच्याकडच्या कितीतरी चुका अशाच होतात. फोनवर ऑर्डर घेताना 'फिफ्टीन' का 'फिफ्टी' यात गल्लत होते म्हणून आम्ही 'एक पाच' की 'पाच शून्य' असं सुटं म्हणून परत वाचून दाखवतो. डब्ल्यूएचओने २०१७ मध्ये औषधांच्या चुकांवर जगभर मोहीम काढली, त्यात तीन गोष्टींवर भर होता: जोखमीची औषधं आणि प्रसंग, एकाच वेळी खूप औषधं, आणि पेशंट एकीकडून दुसरीकडे जाताना होणारा घोळ. शेवटच्या दोन तर तुमच्याच घरी झाल्यात की. डिस्चार्जच्या वेळी जुन्या गोळ्यांची पिशवी घेऊन या आणि एकेक पट्टी समोर धरून 'ही चालू का बंद' विचारा, उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.

सांधेवाले काका
मला सांध्यांसाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आहे, आठवड्यातून एकदाच. ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. म्हणून डब्यात ठेवतच नाही, वेगळ्या डबीत, वर वार लिहिलेला.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पट्ट्या पसरून बसले आणि कंटेंटने यादी केली, तर पॅरासिटॅमॉल दोनदा निघालं, एकदा तापाच्या गोळीत आणि एकदा सर्दीच्या. मेटोप्रोलॉलची जुनी पट्टी बहिणीच्या हाती दिली, तिला टॉर्च लावूनही चष्म्याशिवाय वाचता आलं नाही. उद्या यादी घेऊन डॉक्टरांकडे जातेय, काका, तुमचा 'वेगळी डबी' प्रकार आईच्या कुठल्या गोळीला लागतो का तेही विचारते.