गिटारचा नेक ‘बारीक’ की ‘अरुंद’?

म्हापशाहून:
आमच्या वाड्यावरच्या तारवटी काकांची १९६६ ची गिब्सन जे-४५ गिटार विकायची आहे. पुतण्याने जाहिरातीत नेकबद्दल, म्हणजे डावा हात धरतो त्या लांब दांडीबद्दल, लिहिलंय, ‘नेक बारीक, वाजवायला सोपी’. परवा पणजीहून एक मुलगा बघायला आला, चांगला हात असलेला. वरच्या बाजूचे बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचे) त्याने झरझर वाजवले, पण साध्या उघड्या ए कॉर्डला तिसरं बोट दुसऱ्या फ्रेटमध्ये, म्हणजे नेकवरच्या धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेत, मावेना. ‘बारीक म्हणजे मला पातळ वाटला, हा तर अशीर आहे,’ म्हणाला आणि गेला. आता जाहिरात सुधारायची आहे. मराठीत काय लिहू? अरुंद, चिंचोळा, निमुळता, सडपातळ, सगळे शब्द डोळ्यांसमोर आहेत.

फोंड्याहून:
‘बारीक’ काढाच. बारीक दोरा, बारीक काठी, बारीक अंगाचा माणूस: हा शब्द एकंदर घेराचा आहे. नेकला दोन वेगळी मापं असतात. तारांच्या बाजूने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती रुंदी. फ्रेटबोर्डपासून मागे तळहाताला टेकणाऱ्या पाठीपर्यंत ती जाडी. ‘बारीक’ म्हटलं की दोन्ही एकात मिसळतात, आणि ऐकणारा आपल्या सोयीचं तेवढं उचलतो. जाडी कमी असेल तर ‘पातळ’, रुंदी कमी असेल तर ‘अरुंद’. तुमचा कोकणी ‘अशीर’ अगदी चपखल आहे, पण जाहिरात गोव्याबाहेरही वाचली जाईल, म्हणून ‘अरुंद’ लिहा.

‘चिंचोळा’ वाईट नाही, पण त्यात अडचणीची छटा आहे. चिंचोळ्या गल्लीतून आपण अंग चोरून जातो. विकणाऱ्याने कशाला लिहावा? ‘निमुळता’ तर नकोच. नेक खुंट्यांकडे निमुळता होत जातोच, त्यातून काहीच कळत नाही.

मडगावहून:
गिटार दुरुस्तीचं काम करतो म्हणून मापाचं सांगतो. गिब्सनने १९६५ मध्ये नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) रुंदी १ इंच ११/१६ वरून १ इंच ९/१६ वर आणली. आमच्या सुतारी भाषेत एक इंच साडेपाच सुतावरून एक इंच साडेचार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बरोब्बर एक सूत कमी, म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. ऐकायला काहीच नाही. पण दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटर सोडले तर सहा तारांमधल्या पाच फटी उरलेल्या जागेत बसवायच्या असतात. जुन्या रुंदीत दोन तारांमधलं अंतर ७.४ मिलिमीटरच्या आसपास येतं, अरुंद नेकवर ६.७. बोटाची टोकं तर तीच राहतात! म्हणून ए वाजवताना शेजारच्या तारेला बोट लागतं आणि ती मुकी होते. डाव्या हाताने तार खाली ओढून सोडताना पहिली तार कडेवरून घसरते, तो त्रास वेगळा.

नवीन हाडाचा नट बसवून खाचा कडेकडे सरकवता येतात, पण थोड्याच. जास्त सरकवल्या की तार कडेवर येते. रुंदी नेकमध्येच नसेल तर नट ती कुठून आणणार?

‘वाजवायला सोपी’ हे मात्र सरसकट खोडू नका. छोट्या हाताच्या माणसाला, बार कॉर्ड जास्त वापरणाऱ्याला, अंगठा वरून वळवून जाड तार दाबणाऱ्याला हाच नेक सुखाचा. इलेक्ट्रिकवरून येणाऱ्यालाही लगेच आपलासा वाटतो. बोटांनी एकेक तार वेचत वाजवणाऱ्याला, किंवा जाड बोटांच्या माणसाला तो छळतो. क्लासिकलवर शिकलेल्याची तर पंचाईतच, कारण तिथे नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर असतात. कुणासाठी सोपी, ते लिहा.

पणजीहून:
ताई, एक भर घालतो. ‘जुनी म्हणून अरुंद’ असाही समज आहे, तो खरा नाही. मार्टिन कंपनीच्या १९३९ पूर्वीच्या चौदा फ्रेटच्या (नेक गिटारच्या अंगाला मिळेपर्यंत चौदा फ्रेट असलेल्या) गिटारी नटपाशी पावणेदोन इंच होत्या. त्या साली १ इंच ११/१६ झाल्या. त्याआधीच्या बारा फ्रेटच्या तर १ इंच ७/८, म्हणजे इंच आणि सात सूत. आणि १९५० च्या आसपासच्या गिब्सन नटपाशी १ इंच ११/१६ असूनही मागून चांगल्या भरीव, मूठभर. म्हणून जाहिरातीत साल आणि माप शेजारी शेजारी हवेत.

फोंड्याहून:
आणि ‘नेक’च ठेवा. सतारीला, तंबोऱ्याला ‘दांडी’ म्हणतो ते योग्यच, पण गिटारवाल्यांत ती रुळलेली नाही. पोर्तुगीजमध्ये ह्या भागाला ‘ब्रासु’ म्हणतात, म्हणजे हात. इंग्रजीत मान, तिकडे हात! ‘घोडी’ आणि ‘खुंट्या’ मात्र बिनधास्त वापरा, त्या सगळ्यांना कळतात.

मडगावहून:
‘वाजवायला जड’ अशी तक्रार आली तर दरवेळी रुंदीवर ढकलू नका. आपल्या पावसाळ्यात लाकूड ओल पितं, वरची फळी फुगते, घोडी वर उचलली जाते आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. तो दोष दुरुस्त होतो. नेकचा बाक कमी-जास्त करायला गिब्सनमध्ये नेकच्या आत घट्ट-सैल करायची सळई आहे, खुंट्यांपाशी छोट्या झाकणाखाली. मार्टिनला ती सोय १९८५ पर्यंत नव्हती. काकांच्या गिटारीचे तारांचे उंचीचे माप आधी घ्या, मग किंमत बोला.

म्हापशाहून:
देव बरें करूं सगळ्यांना. व्हर्निअर लावून मोजलं, नटपाशी ३९.७ मिलिमीटर भरलं. जाहिरात अशी केली: ‘गिब्सन जे-४५, १९६६. नेक नटपाशी अरुंद, ३९.७ मिलिमीटर. छोट्या हातांना आणि बार कॉर्ड वाजवणाऱ्यांना सोयीची. बोटांनी वेचून वाजवणाऱ्यांनी आधी हातात घेऊन पाहावी.’ जाडीचं मापही टाकते, पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी दोन्हीकडे मोजून.