दुष्ट मंत्रपोथी सुचवा : पाचव्या लेव्हलच्या विझर्डसाठी (डी अँड डी)

ओसरीवरचा_डीएम
डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा कथाखेळ, आम्ही पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांवर खेळतो; मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. चार खेळाडू आहेत, सगळे पाचव्या लेव्हलला. पडक्या मठाच्या तळघरात विझर्डच्या (मंत्रविद्या शिकलेल्या पात्राच्या) हाती एक दुष्ट मंत्रपोथी लागावी असं मनात आहे. उघडली की डॅमेज, बंद केली की संपलं, असा प्रकार नको. पोथी वाईट आहे हे कळूनही विझर्डने ती जवळ ठेवावी आणि बाकीच्या तिघांनी त्यावरून तिच्याशी भांडावं, असं काहीतरी हवंय. तयार ग्रंथांपैकी कोणता घ्यावा?

काळीशाई
सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बुक ऑफ व्हाइल डार्कनेस. पण पाचव्या लेव्हलला तो देऊ नका. तो आर्टिफॅक्ट, म्हणजे अतिशक्तिशाली, एकमेव जादुई वस्तू आहे. ८० तास अभ्यास केल्यावर त्याचे फायदे मिळतात. त्याच्याशी अट्यून होणारं (जादुई नातं जोडणारं) पात्र दुष्ट नसेल तर करिश्म्याचा १७चा सेव्ह (फासा टाकून १७ गाठायचे), आणि तो हुकला की अलाइनमेंट (पात्राची नैतिक वृत्ती) थेट न्यूट्रल ईव्हिल, म्हणजे दुष्ट. एका फाशावर खेळाडूचं पात्र तिच्या हातातून जातं. तुम्हाला हवी ती भांडणं व्हायला वेळच मिळणार नाही.

त्यातला एक नियम मात्र जरूर उचला. १० दिवसांत एकही दुष्कृत्य केलं नाही, किंवा स्वखुशीने एखादं चांगलं काम केलं, तर तो ग्रंथ नाहीसा होतो. माझ्या मते त्या ग्रंथातली सर्वात भीतीदायक गोष्ट हीच आहे. तो कुणाला धरून ठेवत नाही, त्याला आपण धरून ठेवायचं असतं.

फासे_आणि_फराळ
बाल्डर्स गेट ३ हा डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम खेळलायत का? त्यातली नेक्रोमन्सी ऑफ थे ही पोथी बघा. ब्लाइटेड व्हिलेजमध्ये औषधवाल्याच्या तळघरात, बोलणाऱ्या आरशाच्या मागे ती दडवलेली असते. उघडायला एक जांभळा खडा लागतो आणि तो कोळ्यांच्या गुहेत. वाचताना प्रत्येक टप्प्यावर थांबायचं की पुढे जायचं हे खेळ तुम्हालाच विचारतो, आणि पुढे जावं तसे सेव्ह कठीण होत जातात. थांबायची वाट उघडी असूनही आपण पान उलटतो. ही रचना टेबलावर जशीच्या तशी चालेल.

सातवा_मजला
डेमॉनॉमिकॉन ऑफ इग्विल्व हा ग्रंथही आहे. मॅजिक सर्कलमध्ये (मंत्राच्या वर्तुळात) अडकलेल्या फीन्डला (सैतानी प्राण्याला) त्याच्या कोऱ्या पानात कोंडता येतं आणि पान त्याच्या नावाने व कुकर्मांनी भरतं. पण लाँग रेस्टनंतर (लांब विश्रांतीनंतर) त्यांच्यातला सर्वात बलवान कैदी वाचणाऱ्याच्या शरीराचा ताबा घ्यायला बघतो. लेव्हल ५ला जड आहे. एकच पान, एकच कैदी असं छोटं रूप करता येईल.

गुहाराखीण
मी म्हणेन पोथी स्वतःच रचा, कारण लेव्हल ५ला एक अडचण आहे. तुमच्या गटात क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारा) असेल तर त्याच्याकडे रिमूव्ह कर्स हा शापावरचा मंत्र असू शकतो. आयडेंटिफाय या वस्तू ओळखायच्या मंत्राला सहसा शाप दिसत नाही हे खरं, पण संशय आला की एका मंत्रात अट्यूनमेंट तुटतं आणि विषय संपतो. म्हणून शाप नको, सवय लावा.

विझर्डला सतत काय खुपतं? नवा मंत्र आपल्या मंत्रांच्या वहीत उतरवायला मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या फायरबॉलला ६ तास, १५० नाणी. तुमची पोथी हे फुकट करते. रात्री दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून झोपायचं, सकाळी मंत्र वहीत उतरलेला. बदल्यात आधीचा एक मंत्र वहीतून पुसला जाऊन पोथीत जातो. कोणता, ते खेळाडूने निवडायचं. हे महत्त्वाचं आहे, निवड तिचीच हवी. पोथीत गेलेला मंत्र त्या दिवसासाठी तयार करायला पोथी जवळ लागते.

पहिल्यांदा ती नको असलेला मंत्र देईल. चार-पाच रात्रींनंतर शील्ड किंवा काउंटरस्पेलसारखा जीव वाचवणारा मंत्र द्यायची वेळ येईल. मग ‘जाळून टाक’ म्हणणाऱ्या मित्रांना तिने काय उत्तर द्यायचं? पोथीबरोबर तिची अर्धी विद्या जळणार.

खेळाआधी तिला एवढं जरूर विचारा: ‘तुझ्या पात्राला मोह पडेल असं काही आणू का?’ रहस्य फुटत नाही, आणि खेळाडू मनापासून साथ देते.

ओसरीवरचा_डीएम
क्लेरिक आहे, आणि रिमूव्ह कर्स रोज तयार ठेवतो. त्यामुळे @गुहाराखीण यांचीच रचना घेतो, त्यात थेसारखं ‘पुढचं पान उलटायचं का?’ विचारणं घालतो. एक शंका : गेलेले मंत्र परत मिळवायची वाट ठेवावी का?

गुहाराखीण
ठेवा, पण महाग ठेवा. नेहमीच्या दराने वेळ आणि नाणी मोजून ती पोथीतले मंत्र पुन्हा वहीत उतरवू शकते. फक्त त्यासाठी पोथी रोज उघडावी लागेल, आणि उघडली की रोज एक नवा मंत्र समोर ठेवलेला असेल.

काळीशाई
+१. पहिल्या रात्री फायरबॉलच ठेवा.