उत्तर: पिसवा कमी का सापडल्या?

मेलेल्या रानउंदरावर दोन तासांनी एकच पिसू सापडली, म्हणून रानउंदरांवर ‘पिसवा कमीच’ असतात, हा प्रश्नात काढलेला निष्कर्ष पटत नाही. अंग गार पडू लागलं की पिसवा यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर त्या जगतात तो प्राणी, सोडतात. उवा मात्र केसांना धरून बसतात. म्हणून पकडल्याबरोबर प्रत्येक उंदीर वेगळ्या, घट्ट विणीच्या पांढऱ्या कापडी पिशवीत घाला. पिशवी दुसऱ्यासाठी तशीच वापरलीत, तर कुठली पिसू कुणाची हे कळणारच नाही. शेवटी पिशवीच्या शिवणीही उलटून तपासा, निम्मा माल बहुधा तिथेच असतो!

पिशवीतून काढलेला उंदीर पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक फणीने शेपटीकडून डोक्याकडे, केसांच्या उलट दिशेने विंचरा. चिगर माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) फणीत येत नाहीत. त्यांच्या सहा पायांच्या नारिंगी अळ्या कानाच्या आत पुंजक्याने चिकटलेल्या असतात. चिमट्याने ओढल्यास मुखांगं तुटतात आणि ओळख अवघड होते. बोथट सुईने हलके खरवडा. नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये), डीएनएसाठी ९५ टक्क्यांत. लेबल पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत, शाई विरघळते.

हातमोजे हवेतच. प्लेग पिसवांतून आणि स्क्रब टायफस हा तापाचा आजार चिगरांतून पसरतो.